एसी कंत्राटदारांसाठीचे प्रशिक्षण वर्ग: कुठे शिकावं, कुठे पैसे वाया जातात

दिवाळी ते फेब्रुवारी हा एसी कंत्राटदाराचा रिकामा काळ आणि प्रशिक्षण वर्गांचा सीझन. 'दोन दिवसांत इन्व्हर्टर मास्टर', 'तीन महिन्यांत एचव्हीएसी (वातानुकूलन यंत्रणा) डिझाइन', 'धंदा दुप्पट करा' अशा जाहिराती याच दिवसांत व्हॉट्सअॅपवर फिरतात. महाराष्ट्रात दोन-चार टीम चालवणारा, दिवसा साइटवर उभा राहणारा आणि रात्री बिलंही स्वतःच करणारा जो कंत्राटदार आहे, त्याने यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, याचा हा आढावा.

सगळ्या वर्गांना कसोटी एकच लावली आहे. वर्गाला जाण्याआधी माणूस जे अंदाजाने करत होता, ते परत आल्यावर तो मोजून करतो का? पाइप हाताला गार लागेपर्यंत गॅस भरणारा आणि शेजारचा काय घेतो ते बघून भाव सांगणारा, दोघांचा आजार एकच आहे.

आयटीआय: पाया चांगला, पण तेवढ्यावर भागत नाही

दहावीनंतरचा दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड अजूनही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भक्कम सुरुवात आहे. मोटरची वाइंडिंग ओळखणं, स्टार्टर, रिले, वायरिंग, पाइप जोडायचा गॅस-टॉर्च हातात धरणं या गोष्टी दोन वर्षांत जशा अंगवळणी पडतात तशा दोन दिवसांच्या कुठल्याही शिबिरात पडत नाहीत. नवा मुलगा घेताना आयटीआयवाला आणि तसाच शिकलेला यांतला फरक विजेच्या कामात लगेच दिसतो. मल्टिमीटर लावायच्या आधी आयटीआयवाला काय मोजायचं ते ठरवतो. दुसरा सरळ कॅपॅसिटर बदलून बघतो.

उणीव पुढे आहे. संस्थेत वर्कशॉपची यंत्रं बहुधा जुन्या पिढीची असतात, आणि हिशेब, कोटेशन, ग्राहकाशी करार हे विषय कंत्राटदाराला लागतात तितके तिथे येत नाहीत. म्हणून आयटीआय हा कारागिराचा पाया समजावा आणि कंत्राटदारीसाठी पुढचं शिक्षण वेगळं घ्यावं.

सरकारी शिबिर: फुकट आहे म्हणून हलकं समजू नका

भारताने १९९२ मध्ये माँट्रियल करारावर शिक्का मारला. ओझोनचा थर वाचवण्यासाठीच्या त्या कराराखाली आर-२२ सारखे जुन्या एसीतले वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याची जी योजना चालते, तिच्यातून सर्व्हिसिंग करणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शिबिरं घेतली जातात. २०१९च्या 'इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन'मध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं, ते याच दिशेचं. अनुभवी पण कागद नसलेल्या कारागिरासाठी कौशल्य विकास योजनेत 'आधीच्या शिक्षणाची मान्यता' हाही मार्ग आहे.

या शिबिरांची खरी ताकद म्हणजे 'चांगली सर्व्हिसिंग पद्धत' नावाचा भाग: नायट्रोजन, व्हॅक्यूम (पाइपातली हवा आणि ओलावा ओढून काढणं), रिकव्हरी (आतला गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणं), वजनाने चार्जिंग (गॅस भरणं). मेख अशी की शिबिराचा दर्जा प्रशिक्षकावर आणि गर्दीवर अवलंबून असतो. चाळीस जणांत एकच व्हॅक्यूम पंप असेल तर ते भाषण झालं, प्रशिक्षण नव्हे. नाव नोंदवताना एवढंच विचारा: एका पंपामागे किती माणसं? सहापेक्षा जास्त असतील तर पुढची बॅच बघा.

हा विषय धंद्यात सगळ्यात जास्त पैसा खातो, म्हणून कोणत्याही तांत्रिक वर्गात नेमकं काय शिकवलं गेलं पाहिजे ते सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट नायट्रोजन. भरलेल्या सिलिंडरमध्ये चौरस सेंटिमीटरला सुमारे १५० किलोचा दाब असतो, त्यामुळे रेग्युलेटरशिवाय तो लावणं म्हणजे जिवाशी खेळ. ब्रेझिंग करताना, म्हणजे टॉर्चने पाइप जोडताना, पाइपातून नायट्रोजनची अगदी मंद धार सोडायची, गालाला जेमतेम जाणवेल एवढी. ती नसेल तर तांब्याच्या आतल्या बाजूला काळी खपली धरते. मशीन सुरू झाल्यावर ही खपली तेलाबरोबर फिरते आणि स्ट्रेनर, कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी अडकते. दोन महिन्यांनी ग्राहक 'गॅस गेला' म्हणून फोन करतो, कारागीर गॅस भरतो, आठवड्याने पुन्हा तेच. गॅस कुठेच गेलेला नसतो, वाट अडलेली असते. हे जोडकाम उभं कापून दाखवणारा वर्ग पैसे वसूल करून देतो. नायट्रोजन लावून आणि न लावता केलेले दोन जोड शेजारी ठेवले की वेगळं भाषण लागत नाही.

दुसरी गोष्ट गळतीची चाचणी. आर-४१०ए आणि आर-३२ या नव्या एसींतल्या वायूंसाठी दाब कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे, साधारण ५०० ते ६०० पीएसआय (चौरस इंचाला पौंड) पर्यंत, तोही एकदम न देता तीन टप्प्यांत द्यायचा. आधी ५० वर थांबून मोठी गळती बघायची, मग २०० वर, मग पूर्ण. यात बरेच वर्ग तापमानाचा हिशेब सांगायचा विसरतात. दुपारी ३५ अंशांना ५५० पीएसआयवर सोडलेली लाइन सकाळी २५ अंशांना सुमारे १८ पीएसआय कमी दाखवणार, गळती नसली तरीही. हे माहीत नसलेला माणूस चांगली भिंत फोडतो. आणि माहीत नसल्यामुळेच दुसरा एखादा खरी गळती 'थंडीमुळे असेल' म्हणून सोडून देतो. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजन कधीही वापरायचा नाही. तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो.

तिसरी गोष्ट व्हॅक्यूम, आणि बहुतेक वर्ग इथेच नापास होतात. 'अर्धा तास पंप लावा' हे शिकवणं चूक आहे. वेळ मोजायची नसते, खोली मोजायची असते. साध्या गेजवर पाऱ्याचा एक इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. आपल्याला पोहोचायचं असतं ५०० मायक्रॉनपर्यंत. म्हणजे गेजचा काटा ३० वर टेकलेला दिसला तरी आत ५०० आहेत की ५,००० हे त्यावरून कळूच शकत नाही. त्यासाठी वेगळा मायक्रॉन गेज लागतो, तो पंपाजवळ न लावता सिस्टिमच्या टोकाला लावायचा. ५०० ला पोहोचल्यावर पंपाची बाजू बंद करून दहा मिनिटं बघायचं. आकडा १,२०० - १,५०० पर्यंत चढून थांबला तर आत ओलावा आहे, नायट्रोजन भरून पुन्हा व्हॅक्यूम घ्या. न थांबता चढतच राहिला तर गळती आहे. पंपाचं तेल दुधाळ झालं असेल तर रात्रभर पंप चालवूनही आकडा खाली येणार नाही. मुंबई-कोकणात पावसाळ्यात तोंड उघडी ठेवलेली पाइप लाइन हे ओलाव्याचं मुख्य कारण. नव्या वायूंबरोबर कॉम्प्रेसरमध्ये येणारं पीओई नावाचं कृत्रिम तेल पाणी ओढून धरतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि शेवटी वाइंडिंग जळते. वॉरंटीत कॉम्प्रेसर मिळतो, मजुरी आणि इज्जत मिळत नाही.

गॅस मारून हवा बाहेर काढायची जुनी सवय, म्हणजे व्हॅक्यूमऐवजी थोडा गॅस सोडून 'पर्ज' करणं, अजूनही काही वर्गांत 'छोट्या कामासाठी चालतं' म्हणून दाखवतात. तसा वर्ग त्याच क्षणी सोडावा.

चौथी गोष्ट चार्जिंग. इन्व्हर्टर एसीत दाब बघून गॅस भरता येत नाही, कारण कॉम्प्रेसरचा वेगच स्थिर नसतो. दाब आणि अँपिअर दोन्ही वेगाप्रमाणे हलतात. तिथे वजनकाटाच लागतो: आहे तो गॅस काढा, व्हॅक्यूम घ्या, पाटीवर लिहिलेलं वजन भरा आणि पाइपची लांबी नमूद मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पुस्तिकेप्रमाणे मीटरमागे ग्रॅम वाढवा. दीड टनाच्या आर-३२ मशीनमध्ये एकूण गॅसच किलोच्या आत-बाहेर असतो. त्यात १०० ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्क्यांची चूक. काटा पाच ग्रॅम दाखवणारा हवा. धान्याच्या दुकानातला चालणार नाही. आर-४१०ए हे दोन वायूंचं मिश्रण आहे, म्हणून तो द्रवरूपातच भरायचा. आर-३२ एकच वायू असल्याने ती अडचण नाही.

फ्लेअरचं, म्हणजे पाइपचं तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडाचं, एक सांगून हा भाग संपवतो, कारण नव्या जोडणीतल्या गळत्या बहुतेक तिथेच सापडतात. ठरलेल्या जोराने आवळणारा टॉर्क पाना वापरा: पाव इंचाला साधारण १४ ते १८ न्यूटन-मीटर, तीन-अष्टमांशला ३३ ते ४२, अर्ध्याला ५० ते ६०. ढिला राहिला तर लगेच गळतो. जास्त आवळला तर तांब्याचा ओठ पातळ होतो आणि सहा महिन्यांच्या थरथरीत चिरतो. तोवर कारागीर दुसरीकडे नोकरीला गेलेला असतो आणि तक्रार मालकाच्या नावावर येते. रीमर फिरवताना पाइपचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस आत पडत नाही.

पेटणारे वायू: हा तास नसेल तर वर्ग अपुरा

आर-३२ सौम्य पेटणारा आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, सरळ पेटणारा. गोदरेजने २०१२ पासून प्रोपेनवर चालणारे एसी भारतात आणले, त्यामुळे हे यंत्र कधी ना कधी तुमच्या कारागिराच्या समोर येणारच. प्रोपेन हवेत दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला की पेट घेऊ शकतो, आर-३२ला चौदा टक्क्यांच्या वर जावं लागतं. हिशेबात सांगायचं तर ३०० ग्रॅम प्रोपेन बंद खोलीतली सुमारे ८ घनमीटर हवा पेटण्याजोगी करू शकतो. तेवढाच आर-३२ जेमतेम एक घनमीटर. दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणजे फरशीलगत साठतात. बाल्कनीच्या दाराला उंबरा असेल तर तिथेच.

वर्गात हे करून घेतलं पाहिजे: खिडकी-दार उघडणं, गॅस काढून नायट्रोजन फिरवल्याशिवाय टॉर्च न पेटवणं, पेटणाऱ्या वायूसाठीच बनवलेला लीक डिटेक्टर आणि रिकव्हरी यंत्र वापरणं, सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त न भरणं. पंप-डाउनचा, म्हणजे मशीन काढण्याआधी सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेण्याचा, धडाही यातलाच. आउटडोअरचा द्रवाचा व्हॉल्व्ह बंद आहे, कॉम्प्रेसर चालू आहे आणि कुठेतरी नट ढिला आहे, अशा वेळी कॉम्प्रेसर हवा ओढतो. हवा, तेल आणि दाब एकत्र आले की डिझेल इंजिनात होतं तेच आत होतं आणि कॉम्प्रेसर फुटतो. कॉम्प्रेसर बंद केल्याशिवाय पाइप सोडायचा नाही. हे वाक्य शिबिरात सगळ्यांकडून तोंडपाठ करून घेतलं तरी हरकत नाही.

आर-२२च्या जुन्या मशीनमध्ये 'एचसी गॅस' (प्रोपेनसारखा पेटणारा हायड्रोकार्बन वायू) भरण्याची युक्ती बाजारात चालते, वीज कमी लागते म्हणून. त्या मशीनची वायरिंग, रिले, टर्मिनल काहीच पेटणाऱ्या वायूसाठी बनवलेलं नसतं. ही युक्ती शिकवणारा प्रशिक्षक कितीही अनुभवी असला तरी त्याच्याकडून काही घेऊ नका.

कंपन्यांचे वर्ग

अधिकृत डीलर किंवा सर्व्हिस पार्टनर असाल तर हे सोडू नका. एरर कोड, पीसीबीवर (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डवर) कुठे किती व्होल्ट हवेत, सेन्सरचा रेझिस्टन्स तक्ता, टेस्ट मोड कसा लावायचा, हे दुसरीकडे कुठेच एवढं नेमकं मिळत नाही. सेन्सर दहा हजार ओहमचा की पाच हजारचा, हे माहीत नसल्याने बदललेल्या चांगल्या पीसीबी मोजल्या तर या वर्गाची किंमत कळते. व्हीआरएफ (एका आउटडोअरवर अनेक इनडोअर चालवणारी यंत्रणा) करायचं असेल तर त्या-त्या कंपनीच्या वर्गाशिवाय हात घालूच नये.

मर्यादा दोन. ज्ञान एका ब्रँडपुरतं असतं, आणि दुपारच्या जेवणानंतरचा भाग बहुधा विक्रीचा असतो.

खासगी संस्थांचे तीन महिन्यांचे डिझाइन कोर्स

मुंबई, ठाणे, पुणे इथे यांचा सुकाळ आहे. आखाती नोकरीचं आमिष असतं, आणि नोकरीच करायची असेल तर त्यात काही गैर नाही. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर आणि डक्टची मानकं तिथे लागतात. पण घरं, दवाखाने, दुकानं, छोटी ऑफिसं करणाऱ्या कंत्राटदाराला त्यातला एक-चतुर्थांश भागच कामाचा: हीट लोड (खोली गार करायला काढावी लागणारी उष्णता) आणि डक्टचं (हवेच्या नळाचं) माप.

हीट लोड मात्र मनापासून शिकावा. 'दीडशे फुटाला दीड टन' हा ठोकताळा पहिल्या मजल्यावरच्या सावलीतल्या खोलीला जास्त आणि गच्चीखालच्या पश्चिमेच्या खोलीला कमी पडतो. ई-२० नावाने ओळखला जाणारा तक्ता हाताने दोनदा भरला की काच, छत, माणसं आणि बाहेरची ताजी हवा यांत कोण किती भार टाकतं ते डोक्यात बसतं. सॉफ्टवेअर त्यानंतर. पहिल्याच दिवशी सॉफ्टवेअर उघडणाऱ्या वर्गातून विद्यार्थी उत्तर घेऊन येतो, पण ते चूक असेल तर त्याला कळत नाही.

शिकवणाऱ्याला इथली हवा माहीत आहे का, तेही बघा. मुंबईत पारा ३५च्या आसपास पण दमट, नागपुरात मे महिन्यात ४४-४५ पण कोरडी. मुंबईत मशीनची बरीच ताकद नुसतं पाणी काढण्यात जाते, म्हणून तिथे इनडोअरमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक पावसाळ्यात आठ-नऊ अंश दिसला तरी मशीन ठीक असू शकतं. नागपूरच्या कोरड्या हवेत तोच आकडा दिसला तर शंका घ्यावी. 'फरक दहा आला की गॅस बरोबर' असा एकच नियम सांगणारा वर्ग पुस्तकातून उतरलेला आहे. नागपूर-अकोल्याकडच्या कंत्राटदाराने डक्टवाल्या कूलरचं गणितही विचारावं, तिकडे त्याला खरी मागणी असते. मुंबईच्या किनाऱ्याला आणि गटारांच्या काठाला कॉइल का सडतात, हेही कुठल्या स्लाइडवर क्वचितच असतं.

इशरे ही वातानुकूलन अभियंत्यांची संस्था १९८१ पासून आहे आणि मुंबई-पुण्यात तिचे चॅप्टर आहेत. संध्याकाळची व्याख्यानं आणि अॅक्रेक्स प्रदर्शनातल्या कार्यशाळा यांचा रोख सल्लागार आणि मोठ्या प्रकल्पांकडे जास्त. चिलर, क्लीन रूम, ऑपरेशन थिएटर या कामांत शिरायचं असेल तर सभासदत्व उपयोगी. स्प्लिटचंच काम करणाऱ्याला तिथलं अर्धं डोक्यावरून जाईल, पण ओळखी होतात आणि या धंद्यात ओळखीतून काम येतं.

यूट्यूब एरर कोड शोधायला उत्तम. व्हॅक्यूम शिकायला नाही.

धंद्याचं शिक्षण

इथे निवड कठीण आहे, कारण शिकवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी कधी एएमसी (वार्षिक देखभाल करार) विकलेली नसते. अनेकांचा मसाला अमेरिकेतून आलेला. तिथल्या कंत्राटदाराला हिवाळ्यात फर्नेसची कामं असतात, म्हणजे वर्षाला दोन सीझन. तिथे १९९४ पासून प्रमाणपत्र असल्याशिवाय रेफ्रिजरंट विकतही मिळत नाही, त्यामुळे कोणीही उठून स्पर्धेत उतरत नाही. आपल्याकडे काउंटरवर पैसे ठेवले की सिलिंडर मिळतो, हिवाळ्यात हीटिंगचं काम महाबळेश्वरची हॉटेलं आणि काही हीट पंप सोडले तर नाहीच, आणि मार्च ते जून या चार महिन्यांत वर्ष काढायचं असतं. 'प्रीमियम भाव सांगा' हा उपदेश तिकडे बरोबर असेल, इकडे आधी खर्च माहीत हवा.

धंद्याच्या वर्गातून एक कागद घरी आलाच पाहिजे: आपल्या एका टीमचा तासाचा खरा खर्च. नमुन्यादाखल धरा, कारागीर २४,००० आणि हेल्पर १५,०००. सुट्ट्या, बोनस, भविष्यनिर्वाह मिळून ६,०००. पेट्रोल आणि गाडी ६,०००, अवजारांची झीज ३,०००, फोन-विमा २,०००. जागा, हिशेबनीस आणि मालकाचा स्वतःचा पगार यातला या टीमचा वाटा २४,०००. एकूण ८०,०००. महिन्याचे २५ दिवस, आठ तास, म्हणजे २०० तास. बहुतेक लोक पगाराचे ३९,००० भागिले २०० करून १९५ रुपये काढतात आणि ६०० रुपयांच्या सर्व्हिसमध्ये ४०० सुटले असं समजतात. पण रस्ता, पार्किंग, लिफ्ट, 'मालक झोपलेत, नंतर या', सामान आणायला दुकान, यात निम्मे तास जातात. बिल होतं ते १०० तासांचं. म्हणजे तासाला ८००.

आता तीच टीम शहरभर फिरून दिवसाला चार सर्व्हिस करते: २,४०० रोज, महिन्याला ६०,०००, वीस हजारांचा खड्डा. एकाच सोसायटीत लागोपाठ सहा केल्या तर ३,६०० रोज, महिन्याला ९०,०००, दहा हजार शिल्लक. भाव तोच, कारागीर तोच. फरक फक्त वारांप्रमाणे भाग वाटून घेण्याचा. हे गणित तुमचे स्वतःचे आकडे घालून करून घेणारा वर्ग घ्या. 'मनाची ताकद' वगैरे सकाळच्या सत्रात असेल तर दुपारी पोहोचलं तरी चालेल.

दुसरं, नफ्याची टक्केवारी. १०० रुपयांच्या खर्चावर २५ टक्के चढवून १२५ घेतले तर नफा २५ टक्के होत नाही, २० टक्के होतो. २५ टक्के हवे असतील तर १३३ घ्यावे लागतात. मग ग्राहकाने दहा टक्के सूट मागितली आणि १२५ चे साडेएकशे बारा झाले की नफ्यातला अर्धा वाटा गेला. कोटेशनवर सही करण्याआधी हे तोंडी जमलं पाहिजे.

तिसरं, एएमसी. साधी आणि सर्वसमावेशक यात लोक गल्लत करतात. सर्वसमावेशकात बिघडलेले सुटे भागही तुमच्याच खर्चाने, म्हणजे तुम्ही विमा कंपनी झालात. धरा, शंभर इन्व्हर्टर मशीन आहेत आणि वर्षात सहा पीसीबी गेल्या, प्रत्येकी ७,०००. म्हणजे दर मशीनवर ४२० रुपये फक्त पीसीबीचे, कॉम्प्रेसर आणि गॅस वेगळा. समुद्राकाठची किंवा गटारालगतची मशीनं असतील तर कॉइलचाही वाटा धरा, किंवा करारात कॉइल वगळा. आणि मार्चमध्ये आलेले एएमसीचे पैसे ही कमाई समजू नका. ऑक्टोबरची सर्व्हिस अजून द्यायची आहे. ते वेगळ्या खात्यात ठेवायला सांगणारा प्रशिक्षक भेटला तर त्याची फी निघाली.

चौथं, कर आणि वसुली. वर्ग ताजा आहे की शिळा हे ओळखायची सोपी खूण: स्लाइडवर एसीचा जीएसटी अजून २८ टक्के लिहिला असेल तर तो वर्ग जुन्या मालावर चाललाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे, म्हणजे मशीन आणि जोडणी यांचा दर आता एकच झाला. आधी २८ आणि १८ वेगवेगळे दाखवण्यावरून जे वाद व्हायचे त्यांचं निम्मं कारण संपलं. जुन्या सवयीने दिलेली कोटेशन मात्र तपासून घ्या.

वसुलीसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, करा. ती मोफत आहे, हजार-दोन हजार घेऊन करून देणाऱ्यांची गरज नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे देणं २००६च्या कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून आयकरात दाखवता येत नाही, त्यामुळे मार्च अखेरीला कंपन्यांचे अकाउंटवाले स्वतःहून फोन करतात. यात खोच अशी: नुसता एसीचा खोका विकणं हा व्यापार धरला जातो, त्याला हे संरक्षण नाही, आणि माल-मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटावर वाद घातला जातो. म्हणून जोडणी आणि सर्व्हिसिंगचं बिल वेगळं काढा, नोंदणीचा क्रमांक बिलावर छापा आणि नोंदणी काम घेण्याआधीची असू द्या. हे एवढं बारकाईने सांगणारे वर्ग थोडे आहेत. जिल्हा उद्योग केंद्रातला एखादा जाणता अधिकारी किंवा तुमचा सीए अर्ध्या तासात हेच सांगेल.

फी आणि माणसं

फीची तुलना दिवसांवर करू नका. फी भागिले तुमच्या माणसाच्या हातात प्रत्यक्ष अवजार असलेले तास, हा दर काढा. ३,०००ची फी आणि सहा तास हातात काम म्हणजे तासाला ५००. १,००० फी आणि अर्धा तास म्हणजे २,०००. शिवाय टीम दोन दिवस बंद राहिली तर वरच्या हिशेबाने चार गुणिले दोन, आठ बिलाचे तास, म्हणजे ६,४०० रुपये बुडाले, तेही धरा. म्हणून वर्ग नोव्हेंबर-डिसेंबरच्या रिकाम्या काळात घ्या.

एकट्या कारागिराला पाठवू नका, हेल्परसकट पाठवा. एकटा परत आला की दुसरा 'एवढं कशाला करायचं' म्हणत आठवड्यात जुन्या वळणावर आणतो. आणि परत येईपर्यंत मायक्रॉन गेज, टॉर्क पाना आणि पाच ग्रॅमचा काटा विकत घेऊन ठेवा, नाहीतर शिकलेलं वापरायलाच मिळत नाही.

'शिकवलं की पळतो' ही भीती खरी आहे. त्यावर बाँड लिहून घेणं छोट्या धंद्यात टिकत नाही, कोर्टात कोणी जात नाही. त्यापेक्षा पुढच्या तीन महिन्यांत ज्या टीमच्या जोडणीवर तक्रारीसाठी पुन्हा फुकट फेरी मारावी लागली नाही, तिला प्रत्येक मशीनमागे ठरावीक रक्कम द्या. फेरीचा खर्च वरच्या हिशेबाने ८०० आहे, त्यातले १०० वाटले तरी तुमचे ७०० वाचतात. फेरीची नोंद साध्या वहीत ठेवा: तारीख, मशीन, कोणी जोडलं, कशासाठी परत गेलो. पुढच्या वर्षी कोणाला कोणत्या वर्गाला पाठवायचं ते त्या वहीतच लिहिलेलं असतं.